साबणवाले अण्णा

अण्णांच्या घरात अंगाला लावायचा साबण एकच होता आणि लोखंडाला लावायचे तीन. मी भाड्याची खोली बघायला गेले त्याच दिवशी हे मला कळलं, कारण हात धुवायला मोरीत गेले आणि चुकीचा साबण उचलला. बाहेरून आवाज आला, "अक्का, तो ब्लॉकचा आहे. तुझ्यासाठी हिरवा." आवाजात राग नव्हता. पण ब्लॉकचा साबण माणसाने वापरणं हा ब्लॉकचा अपमान आहे, एवढं मला त्यातून समजलं.

मी निपाणीची. नोकरी कोरमंगलात, आणि तिथल्या पीजीतल्या चार जणींच्या एका बाथरूमला कंटाळून मी बनशंकरीत खोली शोधत होते. अण्णांचं घराणं बेंगळुरात तीन-साडेतीनशे वर्षांपासूनचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि रागावले की दोन्ही. ते सत्तरी ओलांडलेले आणि मी तिशीतली, तरी ते मला अक्का म्हणायचे. खोली देताना त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, खाणंपिणं विचारलं नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. एकच विचारलं, "जिन्यावरून धपधप उतरतेस का?" जिन्याला लागून मागची शेड होती आणि शेडमध्ये मापं चालायची.

आईने फोनवर विचारलं, घरमालक काय करतात. मी म्हटलं, इंजिनाची भोकं घासतात. आणि मालकीणबाई? त्या वारल्या. आई म्हणाली, "दार आतून लावून घेत जा."

आईला मी सांगितलं ते अगदी खरं होतं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन ज्यांत वर-खाली होतात ती गोल भोकं, म्हणजे सिलिंडर, झिजली की मशीनवर बोअर करून थोडी मोठी करतात. मशीनचा हात जिथे थांबतो तिथून पुढचा शेवटचा हात दगडाने फिरवायचा असतो. अण्णा म्हणजे तो शेवटचा हात. शर्यतीच्या गाड्या बांधणारे लोक बेंगळुरात बरेच आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी कशावरही एकमत होत नाही. फक्त सिलिंडर कोणाकडून घासून घ्यायचे, यावर होतं.

ब्लॉक आला की त्या दिवशी त्याला कोणी हात लावायचा नाही. शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचा आणि वर जुनी चादर टाकायची. "उन्हातून आलाय, फुगलाय. एक मुक्काम झाला की खरं माप सांगेल," असं अण्णा म्हणायचे. लोखंड गरम असलं की माप मोठं येतं, हे शास्त्र झालं. पण अण्णा त्याला खरोखरच पाहुणा समजत. चादर टाकताना सकाळी किती वाजता उठवणार तेही त्याला सांगत. एकदा मी ब्लॉक शेडमध्ये असताना जिन्यात मोठ्याने फोनवर बोलले, तर वर येऊन म्हणाले, "खाली माणूस झोपलाय."

दुसऱ्या दिवशी ब्लॉकच्या माथ्यावर दोन बोटं जाडीची लोखंडी प्लेट बोल्टांनी आवळायची. पुढे इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, आवळून बसलं की ब्लॉक अंग चोरतो आणि गोल भोक किंचित लंबगोल होतं. म्हणून घासतानाच त्याच्यावर तेवढं ओझं द्यायचं. "डोक्यावर ओझं नसताना घेतलेलं माप खोटं," हे वाक्य ते ब्लॉकबद्दल बोलत आणि वॉर्डाच्या निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवारांबद्दलही.

मग जड ड्रिल, त्याच्या टोकाला दगडाच्या चार पट्ट्या, वरून तेलाची धार, आणि अण्णा एका ठेक्यात वर-खाली, वर-खाली. आत तिरप्या रेघा उमटत, एकमेकींना छेदणाऱ्या, चटईच्या विणीसारख्या. तेल त्या रेघांत टिकतं. नवखा माणूस भोक चकचकीत करायला जातो. अशा माणसाला अण्णा सांगायचे, "आरसा केलास तर तोंड दिसेल. इंजिन चालणार नाही." मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला ते नुसतं 'एक' म्हणत. त्याच्या निम्म्याला 'अर्धा', आणि त्याहून लहान जे काही असेल ते 'देवाचं'. काम संपलं तरी 'झालं' म्हणत नसत. झालं म्हटलं की हात ढिला पडतो. ते म्हणत, "साकु." म्हणजे पुरे.

सगळ्यांत अवघड भाग यानंतरचा. घासून झालं की दगडाची पूड त्या रेघांत बसलेली असते. ती राहिली तर इंजिन स्वतःलाच खात सुटतं. अण्णांच्या मते ही पूड फक्त गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनीच निघते, आणि ती ब्लॉकच्या मालकाने स्वतःच्या हाताने काढायची. शेवटी धोतराचं पांढरं फडकं आतून फिरवायचं. ते पांढरंच बाहेर आलं पाहिजे, नाहीतर पुन्हा बादली.

एकदा कोरमंगलाहून एक तरुण गृहस्थ आले. आपल्या कंपनीत दोनशे माणसं आहेत असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. अण्णांनी त्यांना स्टूल दिलं, बादली दिली, ब्रश दिला आणि मागच्या अंगणात बसवलं. पहिलं फडकं राखाडी आलं. दुसरंही. दुपारी त्यांना फोन आला तेव्हा ते कोपरापर्यंत फेसात होते आणि खांद्याने फोन दाबून "मी मीटिंगमध्ये आहे" असं म्हणाले, ते मी जिन्यावरून ऐकलं. पाचवं फडकं पांढरं आलं. हात पुसताना त्यांनी विचारलं, "अण्णा, तुम्हीच धुतला असता तर अर्ध्या तासात झालं असतं ना?"

"झालं असतं," अण्णा म्हणाले. "पण मग तुला इंजिनाची दया आली नसती."

स्वतः अण्णांना गाडी येत नव्हती. लायसन्स नव्हतं, कधी काढावंसंही वाटलं नाही. त्यांनी घासलेली इंजिनं आकाशपाताळ एक करत पळायची आणि अण्णा बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, दांडी दोन्ही हातांनी धरून. एका गिऱ्हाइकाने फार आग्रह केला, एकदा तरी बसून बघा म्हणून. अण्णा म्हणाले, "नको. मी आतून बघितलंय."

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय अण्णा अर्धेच सांगून होतात.

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, चार वर्षांनी लहान. यशवंतपूरला दोघांचा मिळून कारखाना होता, वडिलांनी घातलेला. धाकटा मशीनवर बोअर करायचा आणि अण्णा घासायचे. वडील घासलेला ब्लॉक रॉकेलने धूत, म्हणून धाकटाही रॉकेलच बरं म्हणायचा. पाण्याने लोखंड गंजतं, हे त्याचं म्हणणं. रॉकेलने पूड निघत नाही, नुसती सरकते, हे अण्णांचं. वीसेक वर्षं हा वाद जेवणाच्या डब्याबरोबर रोज उघडला जायचा आणि डब्याबरोबर बंद व्हायचा. मग एके दिवशी अण्णा बँकेत गेले असताना धाकट्याने त्यांनी घासलेला ब्लॉक रॉकेलने धुऊन गिऱ्हाइकाला देऊन टाकला. पुढे त्या इंजिनाला काहीही झालं नाही. तेच अण्णांना सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात अण्णांनी आपले दगड, मापं आणि प्लेटा उचलून बनशंकरीला घरामागे शेड टाकली. मशीन उचलणं शक्य नव्हतं, ते धाकट्याकडे राहिलं. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. याला मी राहायला गेले तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि मी सांगतेय त्या गोष्टीपर्यंत चौदा झाली.

गंमत अशी की काम दोघांनी मिळूनच केलं. दुसऱ्या कोणी बोअर केलेला ब्लॉक अण्णा घासत नसत आणि धाकटा आपला ब्लॉक दुसऱ्या कोणाला घासू देत नसे. गिऱ्हाइकाने ब्लॉक आधी बनशंकरीला आणायचा. अण्णा नवे पिस्टन मोजून किती बोअर करायचं ते खडूने ब्लॉकच्या अंगावर लिहायचे. मग गिऱ्हाइकाने तो यशवंतपूरला न्यायचा. धाकटा बोअर करून, घासायला किती शिल्लक ठेवलंय ते खडूने लिहायचा. मग गिऱ्हाईक परत बनशंकरीला. लोक कुरकुर करत, पण रिक्षा करत. दोघांमध्ये चौदा वर्षांत जे काही बोलणं झालं ते लोखंडावर, खडूने आणि बहुतेक आकड्यांत. धाकट्याचा आकडा ठरलेला असे. चारही सिलिंडरना पाच, पाच, पाच, पाच. अण्णा मोजून बघत आणि ते पाचच भरत.

अण्णांची बायको वारली तेव्हा धाकटा आला, खांदा दिला आणि एक शब्द न बोलता गेला. त्यानंतर जो पहिला ब्लॉक आला त्याच्यावर लिहिलं होतं, "दोन नंबरला ६ ठेवलेत. घाई नको." हे मला अण्णांनीच सांगितलं. सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, मग तुम्ही काय लिहिलंत? ते म्हणाले, "काय लिहायचं? सहाचे सहा काढले."

मी एकदा धीर करून म्हटलं, अण्णा, तुम्हीच जाऊन बोला ना. थोरले आहात.

"थोरला आहे म्हणूनच," ते म्हणाले. "चुकी त्याची. त्यानं यावं. आला की चहा टाकतो. भांडणार नाही, विचारणार नाही. पण यावं त्यानं." दोन्ही घरं मेट्रोच्या एकाच हिरव्या लाइनवर होती, बसायचं आणि उतरायचं, गाडीही बदलायला नको. तरी मेट्रो सुरू होऊन इतकी वर्षं झाली पण अण्णा तिच्यात चढले नव्हते. का, तर म्हणे, "ती नेणार कुठं? यशवंतपूरला. तिकडं माझं काय काम?" संध्याकाळी मात्र फाटक वाजलं की प्रत्येक वेळी मान आधी वर व्हायची आणि मग खाली. तीन वर्षं मी ते बघत होते. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. दोघांच्या हट्टात आयुष्य संपून जाईल आणि खडू तेवढा उरेल, ही भीती मला होती, आणि मला वाटतं, त्यांनाही होती.

तर माझा ब्लॉक. अशा घरात तीन वर्षं राहिल्यावर माणूस शहाणं राहत नाही. मी एक जुनी हॅचबॅक घेतली आणि सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर मातीतल्या शर्यतींना जाऊ लागले. पहिल्या शर्यतीत शेवटून दुसरी आले. शेवटच्याची गाडी सुरूच झाली नव्हती. मग इंजिन नव्याने बांधायचं ठरवलं. उघडल्यावर कळलं की ब्लॉक आधीच दोनदा बोअर झालेला आहे आणि आता शेवटचं माप उरलंय, त्यापुढे भोक मोठं करायला भिंतच उरणार नाही. अण्णांनी पिस्टन मोजले, खडूने आकडा लिहिला आणि म्हणाले, "जा. सांग त्याला, शेवटचं आहे." मग लगेच म्हणाले, "नको सांगू. लिहिलंय मी."

यशवंतपूरच्या कारखान्यात मी ब्लॉक रिक्षातून उतरवून घेतला तेव्हा धाकटे मशीनवर नव्हते. त्यांचा जुना कारागीर होता, पन्नाशीचा, दोन्ही भावांच्या हाताखाली काम केलेला. त्याने अंगावरचा खडू वाचला, मान हलवली आणि म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी ब्लॉक तयार होता. अंगावर धाकट्यांच्या वळणदार अक्षरात पाच, पाच, पाच, पाच. मी सहज विचारलं, मालक कुठे आहेत? त्याने हातातलं कापड घडी करून ठेवलं आणि मागे बघितलं. मागच्या खोलीतून धाकट्यांच्या पत्नी, काकू, बाहेर आल्या. हॉस्पिटलात न्यायचा डबा भरत होत्या.

नऊ दिवसांपूर्वी धाकट्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. शुद्धीवर होते, सगळं समजत होतं, पण शब्द एक फुटत नव्हता, लिहायलाही जमत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, सुधारेल कदाचित, पण दुसरा झटका आला तर सांगता येत नाही.

मी म्हटलं, अण्णांना माहीत नाही?

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस," काकू म्हणाल्या. "ब्लॉक यायचे थांबले तर भावजींना संशय येईल, म्हणून ह्याला सांगितलंय काम चालू ठेव." ह्याला म्हणजे कारागिराला. खडूचं अक्षरही त्यानेच काढलं होतं. वीस वर्षं बघतोय, म्हणाला.

"पण काकू, कळलं तर ते धावत येतील."

"तेच नको. आजारी आहे म्हणून आले, मरायला टेकलाय म्हणून आले, ते येणं मोजायचं नाही. ह्यांनी चौदा वर्षं इथल्या फाटकाकडे बघून काढलीत. आपणहून आलेला भाऊ पाहिजे ह्यांना. बोलावून आणलेला नको." मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्यांनी स्वतः विचारलं तर मात्र खोटं बोलू नकोस. तेवढं पाप तुला नको."

मी शब्द दिला. परतीच्या रिक्षात ब्लॉक पायाशी होता आणि मला वाटत होतं, आपण काहीतरी भलतंच घेऊन चाललोय. असला हट्ट मी जन्मात पाहिला नव्हता, आणि त्यात आता मीही सामील होते. घरी पोचले तेव्हा अण्णा फाटकातच होते. "ठेव," म्हणाले. "मुक्काम होऊ दे." चादर टाकली. मी जेवले नाही.

सकाळी अण्णांनी चादर काढली. मी चहाचा कप घेऊन शेडच्या दारात उभी होते. त्यांनी खडू वाचला, माप लावलं. पाच. दुसरं, पाच. तिसरं, चौथं, पाच. मान डोलावली. मी श्वास सोडला. कारागिराने काम चोख केलं होतं.

मग अण्णांनी माप बाजूला ठेवलं आणि अंगठा पहिल्या सिलिंडरच्या तोंडावरून फिरवला. बोअर झाल्यावर तोंडाची धार मारायला तिथे हाताने कानस फिरवतात. तिच्या बारीक रेघा राहतात, डोळ्यांना दिसतील न दिसतील अशा. अंगठा एक फेरी फिरला आणि थांबला. दुसऱ्या सिलिंडरवर गेला. तिसऱ्यावर. चौथ्यावर जाऊन तो तिथेच राहिला.

"हे त्याचं नाही," अण्णा म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"तो डावखुरा. त्याच्या कानशीच्या रेघा डावीकडं झुकतात. चौदा वर्षं माझा अंगठा त्यांच्यावरून फिरतोय. ह्या उजवीकडं झुकल्यात." मग ते माझ्याकडे वळले. "अक्का, तो कुठं आहे?"

त्यांनी स्वतः विचारलं होतं. मी सांगितलं, यशवंतपूरलाच हॉस्पिटलात, झटका आलाय, उजवी बाजू गेलीय. त्यांनी चौकशी केली नाही, तुला माहीत होतं का असंही विचारलं नाही. मोरीत गेले आणि लोखंडाच्या साबणाने हात धुतले, फार वेळ धुतले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. "मेट्रोला चढायचं कुठून?" असं त्यांनी विचारलं.

बनशंकरीहून निघालो तेव्हा गाडीला गर्दी होती. एका मुलाने उठून त्यांना जागा दिली. ते दांडी दोन्ही हातांनी धरून बसले, बसमध्ये बसत तसे. चार-पाच स्टेशनं गेली. मग दार उघडलं आणि अण्णा एकदम उठले.

"कुठे?"

"उतरतो मी. त्यानं बोलावलं नाही. न बोलावता गेलो तर म्हणेल, बघ, आला शेवटी."

"अण्णा, ते काही म्हणणार नाहीत. त्यांची वाचा गेलीय."

हे मी घरी सांगितलं नव्हतं. धीर झाला नव्हता. अण्णा उभेच राहिले, दार त्यांच्यासमोर बंद झालं आणि गाडी निघाली. त्यांची जागा तशीच रिकामी होती, कोणी बसलं नाही. पुढच्या स्टेशनवर ते बसले.

"अजिबात?" त्यांनी विचारलं.

"अजिबात."

"सरी," अण्णा म्हणाले. सरी म्हणजे ठीक. पण ठीक काही नव्हतं. यशवंतपूर येईपर्यंत ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि मी खिडकीबाहेर बघायचं नाटक करत राहिले, कारण मला रडू येत होतं.

माझ्या ब्लॉकचं काय झालं हे लोक विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकते. अण्णांनी तो आठवड्याने घासला. मी तो तीन वेळा धुतला. गाडी चांगली पळते. शर्यतीत मी अजूनही जिंकत नाही, पण आता दोष इंजिनाचा नसतो.

हॉस्पिटलात धाकटे खिडकीजवळच्या खाटेवर होते. काकू उशाशी होत्या. अण्णांना दारात बघून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं, असं त्या मानेतून जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. धाकट्यांनी भावाला बघितलं. चेहऱ्याची एक बाजू हलली, दुसरी हलली नाही. अण्णा खाटेच्या पायाशी जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं तरी तसेच उभे होते. चौदा वर्षं दोघांपैकी आधी कोण बोलणार हा प्रश्न होता, आणि आता बोलू शकणारा एकच उरला होता. तो बोलेल की आल्या पावली परत जाईल, हे मला खरंच सांगता आलं नसतं.

मग अण्णा म्हणाले, "तुझ्या माणसानं तोंडाला कानस उजव्या हातानं मारलीय."

धाकट्यांनी डोळे मिटून उघडले.

"बोअर बरोबर आहे. पाच ठेवलेत. पण कानस लांब ओढतो तो. तू स्वल्प स्वल्प मारायचास." अण्णा स्टूल ओढून बसले. "ब्लॉक ह्या अक्काचा. शेवटचं माप आहे. दोन नंबरला जुना गंज होता, तो गेला. तीनला वरच्या अंगाला बघायला पाहिजे…" आणि मग ते सांगतच सुटले. माझा ब्लॉक संपला तसा त्याआधीचा, त्याआधीचा, कुणाचा कधी आला, कुठे वाकडा होता, काय लिहिलं होतं आणि लिहिताना मनात काय होतं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. धाकटे ऐकत होते. त्यांचा डावा हात चादरीवर होता आणि अण्णांचा हात त्याच्यापासून चार बोटांवर. दोन्ही हात तिथेच राहिले.

शेवटी अण्णांचं सांगायचं संपलं. त्यांनी घसा साफ केला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "रॉकेलनं धुतलेलं पण चालतं तसं."

काकूंनी पदर तोंडाशी धरला. मी अण्णांकडे बघतच राहिले, कारण ते चालत नाही. रॉकेलने पूड निघत नाही, नुसती सरकते, हे मी तीन वर्षं रोज ऐकलेलं सत्य होतं, आणि तेच सांगणारा माणूस ते खाटेपाशी बसून सरळ खोटं ठरवत होता.

धाकट्यांनी मान हलवली. नाही.

"काय नाही?" अण्णा म्हणाले. "चालतं म्हणतो ना मी."

धाकट्यांनी डावा हात उचलला, बोट वर केलं आणि हलवलं. नाही. मग तेच बोट चादरीवर गोल गोल घासलं, फेस काढावा तसं. साबण.

"वडील रॉकेलनंच धुवायचे."

नाही.

"त्या इंजिनाला काही झालं का? तू धुतलेल्या? नाही ना झालं?"

धाकट्यांच्या घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता, पण रागावलेला होता. बोट पुन्हा गोल गोल, जोरात. अण्णाही स्टुलावरून अर्धे उठले. "हट्टी आहेस तू. लहानपणापासून हट्टी. मी सांगतो रॉकेल, तर रॉकेल."

आवाज ऐकून नर्स धावत आली. तिने धाकट्यांचा लाल झालेला चेहरा बघितला, मग अण्णांचा, आणि कन्नडमध्ये खडसावलं की पेशंट आजारी आहे, इथे भांडण चालणार नाही, बाहेर व्हा. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"भांडण नाही, सिस्टर," ते म्हणाले. "बोलतोय आम्ही."